लाउबरहॉर्न स्की शर्यत बघायला जायचंय? प्लॅनिंग कुठल्या क्रमाने करायचं, सविस्तर

स्वित्झर्लंड एकदा उन्हाळ्यात करून आलेल्या मंडळींची पद्धत ठरलेली असते. आधी फ्लाइट, मग इंटरलाकेनचं हॉटेल, मग ट्रेनचा पास, आणि बाकीचं तिकडे गेल्यावर बघू. जुंगफ्राउयोखला जायचं असेल तर हे चालून जातं. जानेवारीत वेंगेनला लाउबरहॉर्नची शर्यत बघायला जाताना याच क्रमाने गेलात तर हमखास फसगत होते, कारण डोंगरावर तुम्ही नेमके कुठे उभे राहणार यावर तुमचं तिकीट, तुमची सकाळची ट्रेन, तुमचे बूट, अगदी मुक्कामाचं गाव पण ठरतं. लोक हे सगळं बुक करून टाकतात आणि शुक्रवारी रात्री हॉटेलच्या खोलीत बसून नकाशा उघडतात. पुण्या-मुंबईहून जाणारे असोत नाहीतर म्युनिक-झ्युरिकला नोकरीला असलेले आपले लोक असोत, चूक तीच. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय ज्या क्रमाने निर्णय घ्यायला हवेत.

## १. सगळ्यात आधी ठरवा: उभं कुठे राहायचं

डाउनहिल, म्हणजे पूर्ण वेगात डोंगर उतरायची मुख्य शर्यत. तिचा ट्रॅक साधारण साडेचार किलोमीटर लांब आहे, स्की वर्ल्ड कपमधला सगळ्यात लांब. स्टार्ट २३१५ मीटर उंचीवर, फिनिश खाली वेंगेनच्या कडेला, मध्ये हजार मीटरहून जास्त उतार, आणि चांगला स्कीअर हे सगळं अडीच मिनिटांच्या आसपास संपवतो. म्हणजे पूर्ण शर्यत डोळ्यांनी बघता येईल अशी एकही जागा नाहीये. तुम्हाला एक तुकडा मिळणार, उरलेलं मोठ्या स्क्रीनवर. तर तो तुकडा कोणता हवाय ते ठरवायचं.

फिनिश एरिया. वेंगेन स्टेशनपासून चालत जाता येतं, स्टँड आहेत, स्क्रीन आहे, खाणंपिणं आहे, टॉयलेट जवळ. शेवटचं एस वळण आणि फिनिशची उडी दिसते, आणि निकाल लागतो तो क्षण तिथे मिळतो. दोन-अडीच मिनिटं जोर लावून आलेल्या माणसाचे पाय त्या शेवटच्या वळणात अक्षरशः संपलेले असतात, आणि बर्फ तिथे घट्ट काचेसारखा. २०२४ ला नॉर्वेचा आलेक्सांडर आमोट किल्डे इथेच जबर पडला आणि त्याला हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. सोबत लहान मुलं किंवा आईबाबा असतील तर डोकं न लावता फिनिशच घ्या.

हुंडशोप्फ आणि गिर्मशबील. ही वरची बाजू. हुंडशोप्फ म्हणजे खडकाचं एक नाक, स्कीअर खडक आणि सुरक्षा जाळीच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून येतो आणि कड्यावरून खाली झेपावतो. गिर्मशबीलच्या उतारावर उभं राहिलं की हुंडशोप्फ, त्याखालची मिन्शकांटे, कॅनेडियन कॉर्नर आणि पुढचं कर्नेन-एस असा सलग भाग समोर येतो. टीव्हीवर हा उतार कधीच खरा वाटत नाही. प्रत्यक्षात आधी वरून स्कीच्या कडा बर्फ खरवडल्याचा कर्कश आवाज येतो, मग एकदम शांतता, कारण माणूस हवेत असतो, आणि मग धप्पकन खाली टेकल्याचा आवाज. माझ्या मते स्कीइंग म्हणजे काय हे कळायला जगात याहून चांगली जागा मिळणं कठीण आहे. पण इथे यायचं तर वेंगर्नआल्प किंवा क्लायने शायडेग स्टेशनला उतरून बर्फातून चालावं लागतं, दिवसभर उघड्यावर उभं राहावं लागतं, आणि मध्येच कंटाळा आला म्हणून खाली गावात येणं सोपं नाही.

हानेगशुसकडचा भाग. इथे वेग असतो. फ्रान्सच्या योहान क्लारेने २०१३ मध्ये इथेच ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गाड्यांना १०० ची मर्यादा आहे, आणि हा माणूस दोन फळ्यांवर उभा राहून १६० च्या वर. पण बघणाऱ्याला तो जेमतेम दोन-तीन सेकंद दिसतो. आधी एकदा शर्यत बघून झालेली असेल तरच इकडे जा.

सावधान: शनिवारी सकाळी फिनिशला थांबू आणि मध्येच वर हुंडशोप्फला जाऊ हा बेत आखू नका. ट्रॅक ओलांडता येत नाही, वर जाणाऱ्या ट्रेन भरलेल्या असतात, आणि बर्फात चालायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो. एक दिवस, एक जागा.

## २. मग दिवस

शर्यती जानेवारीच्या मध्यावर, शुक्रवार ते रविवार. शुक्रवारी सुपर-जी (डाउनहिलपेक्षा छोटी, जास्त वळणांची), शनिवारी डाउनहिल, रविवारी स्लॅलम (जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायची), हा अलीकडचा नेहमीचा साचा. त्याआधीच्या दिवसांत डाउनहिलचे ट्रेनिंग रन होतात. नक्की तारखा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे फिसच्या कॅलेंडरवर येतात. त्या बघितल्याशिवाय फ्लाइटला हात लावू नका, कारण मध्य-जानेवारी म्हणजे दुसरा वीकेंड की तिसरा हे दरवर्षी एकसारखं नसतं आणि लोक गेल्या वर्षीची तारीख धरून चालतात.

हवा छान असेल तर शनिवारी तीसेक हजार माणूस त्या चिमुकल्या गावात येतं. तो माहोल वेगळाच असतो, गाईच्या गळ्यात बांधतात तसल्या मोठ्या घंटा वाजवणारे लोक, झेंडे, आणि बहुतेक वर्षी शर्यतीआधी स्विस हवाई दलाच्या पात्रुई स्विस टीमची विमानं आयगर-जुंगफ्राउच्या भिंतींसमोरून जातात. पण गर्दीही तशीच.

तुमच्याकडे दोन दिवस असतील तर माझा सल्ला असा की शुक्रवारी सुपर-जी वरच्या बाजूने बघा आणि शनिवारी डाउनहिल फिनिशला. सुपर-जीला गर्दी कमी, त्यामुळे वरची जागा, रस्ता, ट्रेन सगळं सुटसुटीत होतं. फक्त तिचा स्टार्ट डाउनहिलपेक्षा बराच खाली असतो, तेव्हा तुमच्या जागेवरून ती दिसते का ते आधी तपासा. तगडे असाल, चालायची सवय असेल तर उलट करा. आणि एकच दिवस असेल, सोबत मुलं असतील तर रविवारची स्लॅलम अजिबात कमी समजू नका. स्लॅलमचा उतार खालून बराचसा दिसतो, दोन रन होतात, आणि दुसऱ्या रनमध्ये पहिल्या रनचा तिसावा आधी आणि पहिला सगळ्यात शेवटी उतरतो, त्यामुळे नवख्या माणसालाही शेवटच्या स्कीअरपर्यंत चुरस कळते.

ट्रेनिंग रनच्या दिवशी तिथे असाल तर ते चुकवू नका. तेच स्कीअर, तोच ट्रॅक, गर्दी नगण्य. फक्त काही जण फिनिशच्या आधी मुद्दाम वेग सोडतात, ते बघून कोण जिंकणार याचे अंदाज बांधू नका.

## ३. शर्यतीचं तिकीट

आता जागा आणि दिवस ठरलेत म्हणून तिकीट निवडता येईल. विक्री शर्यतीच्या अधिकृत वेबसाइटवर होते. तिकीट घेताना तीन गोष्टी वाचा, आणि खरंच वाचा, ओके-ओके करत पुढे जाऊ नका.

एक, हे तिकीट फिनिशच्या स्टँडचं आहे, फिनिशला उभं राहण्याचं आहे की ट्रॅकच्या कडेचं आहे. दोन, ते कोणत्या दिवसाचं आहे. तीन, त्यात डोंगरावरच्या ट्रेनचं भाडं धरलंय का, आणि धरलं असेल तर कुठल्या स्टेशनपासून कुठपर्यंत. हा तिसरा मुद्दा पुढे सहाव्या टप्प्यात परत येणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक तिथेच डबल भरतात.

स्टँडचं तिकीट महाग आहे आणि मर्यादित आहे. वयस्कर माणूस सोबत असेल तर पैसे वसूल, कारण चार तास बर्फात उभं राहणं गुडघ्यांना झेपत नाही. पंचविशीतल्या पोरांनी उगाच खर्च करू नये, उभं राहून जास्त मजा येते.

तपासा: शर्यत रद्द झाली किंवा पुढे ढकलली तर तिकिटाचं काय होतं, तो नियम खरेदीच्या वेळीच वाचून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

## ४. मुक्काम: वेंगेनचा हट्ट सोडा

वेंगेनमध्ये गाड्या चालत नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरच्या ट्रेननेच वर जावं लागतं. शर्यतीच्या आठवड्यात तिथल्या खोल्या टीम, टीव्हीवाले, स्पॉन्सर आणि वर्षानुवर्षं येणारे लोक भरून टाकतात, आणि जे उरतं ते चार-पाच रात्रींच्या अटीसह. मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाही मिळालं तर रडत बसायचं कारण नाही.

तुमची जागा फिनिश असेल तर लाउटरब्रुनेन, विल्डर्सविल किंवा इंटरलाकेन बघा. इंटरलाकेनमध्ये दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट, आणि डोंगराकडच्या गाड्या ओस्टवरून सुटतात, तेव्हा हॉटेल ओस्टच्या जवळचं घ्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहून सकाळी सहाला बॅग घेऊन धावत सुटलेली कुटुंबं दर सीझनला दिसतात.

तुमची जागा हुंडशोप्फची असेल तर ग्रिंडेलवाल्ड जास्त चांगलं, आणि हे फार कमी लोक करतात. ग्रिंडेलवाल्डहून दातेरी ट्रेन दुसऱ्या बाजूने थेट क्लायने शायडेगला चढते, किंवा ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलवरून आयगर एक्सप्रेस गोंडोलाने पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला जाऊन तिथून ट्रेनने खाली शायडेगला येता येतं. म्हणजे लाउटरब्रुनेन आणि वेंगेनची सगळी गर्दी तुम्ही टाळलीत.

याहून स्वस्त हवं असेल तर स्पीझ, थुन, अगदी बर्नपर्यंत जा. ट्रेन वेळेवर असतात, फक्त झोप कमी मिळेल.

सावधान: व्हिसा हातात येईपर्यंत फक्त फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग. हजार-दोन हजार रुपये वाचवायला नॉन-रिफंडेबल घेऊ नका.

## ५. व्हिसा: दिवाळी मध्ये येते हे विसरू नका

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, पण पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये. मोठ्यांसाठी फी ९० युरो, शिवाय सेंटरचं सर्व्हिस चार्ज, आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. जानेवारीच्या ट्रिपसाठी सप्टेंबरात अपॉइंटमेंट घ्या, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी, त्यात ख्रिसमसला युरोपला जाणाऱ्यांची झुंबड, स्लॉट दिसेनासे होतात.

इथली मोठी चूक अशी. वेंगेननंतरच्या वीकेंडला ऑस्ट्रियात किट्सब्यूलची शर्यत असते, आणि उत्साही लोक दोन्ही जोडतात. छान बेत आहे. पण अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या रात्री जास्त आहेत. स्वित्झर्लंडमध्ये चार रात्री आणि ऑस्ट्रियात सहा असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो, विमान झ्युरिकला उतरत असलं तरी. समान रात्री असतील तर जिथे आधी प्रवेश तो देश.

जर्मनी, नेदरलँड्स वगैरे शेंगेन देशात परमिटवर राहणाऱ्यांना वेगळा व्हिसा नको, पण पासपोर्ट आणि परमिट कार्ड दोन्ही जवळ ठेवा, फोनमधला फोटो पुरत नाही. लंडनला राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र व्हिसा लागतोच, यात दरवर्षी कोणीतरी अडकतं.

मुक्काम कुठेही असो, पोचायचा दिवस बुधवार किंवा गुरुवार धरा. मुंबईहून झ्युरिकला थेट फ्लाइट आहे, तरी शुक्रवारी रात्री उतरून शनिवारी पहाटे डोंगर चढणं म्हणजे जेट लॅग, थंडी आणि अपुरी झोप तिन्ही एकदम, आणि फ्लाइट लेट झाली की शर्यत गेली.

## ६. ट्रेन: पास कुठे संपतो ते बघा

झ्युरिकहून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट, साधारण दोन तास. तिथून लाउटरब्रुनेन वीस मिनिटं. मग दातेरी ट्रेनने वेंगेन पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. वर जायचं असेल तर तीच लाइन पुढे वेंगर्नआल्प आणि क्लायने शायडेगला जाते.

स्विस ट्रॅव्हल पास वेंगेनपर्यंत आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो. त्याच्या वरती तो चालत नाही, फक्त सवलत मिळते. पास आहे म्हणून बिनधास्त शायडेगच्या गाडीत बसलेले लोक टीसीसमोर वाद घालताना दिसतात, त्याचा काही उपयोग नसतो. आता तिसऱ्या टप्प्यात लिहिलेलं आठवा: शर्यतीच्या तिकिटात ट्रेनचा काही भाग धरलेला असेल तर महागडा पास घ्यायची गरजच उरत नाही, हाफ फेअर कार्ड आणि सुटी तिकिटं जास्त स्वस्त पडू शकतात. कागदावर दोन्ही बेरजा करा, एअरपोर्टपासून एअरपोर्टपर्यंत, मग ठरवा.

आता इंटरलाकेन ओस्टची खास भानगड. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डची गाडी एकच असते, ती त्स्वायल्यूचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनवर तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. प्लॅटफॉर्मवर ए, बी असे सेक्टर लिहिलेले असतात आणि वरच्या बोर्डवर कुठल्या सेक्टरचे डबे कुठे जाणार ते दिसतं, डब्यावरही गावाचं नाव असतं. गर्दीत समोर जो दरवाजा उघडला त्यात शिरू नका. चुकून दुसऱ्या भागात बसलात आणि त्स्वायल्यूचिनेनच्या आधी कळलं तर तिथे उतरून डबा बदलता येतो, नंतर कळलं तर सकाळ गेली.

गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी थोडक्यात: वेंगेनला रस्ताच नाही, गाडी खाली लावावी लागते, लाउटरब्रुनेनचं पार्किंग शर्यतीच्या दिवशी लवकर भरतं, आणि स्विस हायवेसाठी ४० फ्रँकचं विन्येट, म्हणजे टोलचा वार्षिक पास लागतो. म्युनिकहून येत असाल तरी शेवटचा टप्पा ट्रेननेच करा.

## ७. कपडे आणि बूट

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही चालणार कमी आणि उभे जास्त राहणार आहात. मनाली-गुलमर्गला बर्फात खेळताना अंग गरम राहतं, इथे चार-पाच तास एका जागी. शून्याखाली दहा असेल आणि वारा असेल तर साध्या जॅकेटमध्ये तासाभरात दातखिळी बसते.

अंगाला चिकटून थर्मल, लोकरीचं किंवा सिंथेटिक, कॉटन नको कारण घामाने ओलं होतं आणि मग वाळत नाही. त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. पँटचंही तेच, आणि जीन्स घालून तर येऊच नका. टोपी कान झाकणारी. हातमोजे दोन जोड, पातळ आत आणि जाड बाहेर, म्हणजे फोटो काढताना हात पूर्ण उघडा पडत नाही.

आता बूट. थंडी खालून येते हे आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही, अंगावर पाच थर चढवतात आणि पायात स्पोर्ट शूज. वॉटरप्रूफ, जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, आणि अर्धा नंबर मोठे, कारण जाड मोजा घातल्यावर बोटं आवळली गेली की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. दोन मोजे एकावर एक कोंबण्यापेक्षा एकच जाड लोकरीचा बरा. बुटांवर चढवायचे रबरी काटे मिळतात, ते घ्याच, वेंगेनच्या गल्ल्यांमधला दाबला गेलेला बर्फ फार घसरडा असतो. आणि एक साधी युक्ती: योगा मॅटचा दोन फुटी तुकडा कापून बॅगेत टाका, त्यावर उभं राहिलं की फरक लगेच जाणवतो.

गॉगल आणि सनस्क्रीन हिवाळ्यातही लागतं, बर्फावरून ऊन दुप्पट लागतं. फोन आतल्या खिशात, अंगाला चिकटून, बाहेरच्या खिशात बॅटरी बघता बघता उतरते.

खाणं. शर्यतीच्या ठिकाणी सॉसेज भरपूर, शाकाहारी माणसाला चीज, ब्रेड, फ्राइज एवढ्यावर भागवावं लागतं. घरून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू नेलेत तर उत्तम, लाडू थंडीत दगड होतात म्हणून छोटे वळा. थर्मासमध्ये गरम चहा. पैसे फ्रँकमध्ये, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं.

तपासा, आदल्या रात्री: तिकीट फोनमध्ये ऑफलाइन सेव्ह आहे का, पॉवर बँक भरली का, सगळ्यांचे बूट-काटे एका जागी आहेत का, आणि गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे ठरलंय का. भेटायची जागा स्टेशन ठेवू नका, सगळं जग तिथेच असतं.

## ८. शर्यतीची सकाळ

डाउनहिल साधारण दुपारी साडेबाराला सुरू होते. ते बघून लोक म्हणतात, अरे वा, मग निवांत नऊला निघू. नऊला लाउटरब्रुनेनच्या प्लॅटफॉर्मवर रांग असते, आणि दातेरी ट्रेन काही पळत नाही, ती आपल्या गतीने चढते. जादा गाड्या सोडतात, तरी वेळ जातोच.

फिनिशला जाणाऱ्यांनी साडेसात-आठच्या सुमारास लाउटरब्रुनेन सोडावं. वर जाणाऱ्यांनी सातच्या आसपास. हो, तेव्हा अजून उजाडलेलं नसतं, जानेवारीत तिथे आठच्या पुढे सूर्य उगवतो, आणि डोंगरामागून यायला आणखी वेळ. कंटाळा करू नका, सकाळचे हे दोन तास वाचवून दुपारी काहीच मिळत नाही.

उतरलात की आधी टॉयलेट, मग चहा, मग जागा. वर गेल्यावर टॉयलेट लांब. चालताना फक्त प्रेक्षकांसाठी आखलेली वाट धरा, स्कीअरच्या पिस्टवरून, म्हणजे स्कीसाठी आखलेल्या उतारावरून शॉर्टकट मारू नका, तिथे वरून वेगाने येणाऱ्याला तुम्ही वळणापलीकडे दिसत नाही. गिर्मशबीलला पोचायला उतरल्यापासून बर्फातून अर्धा तास तरी धरा, मुलं असतील तर जास्त.

जागा निवडताना पहिल्या रांगेच्या मागे धावू नका. जाळीला चिकटून उभं राहिलं की ट्रॅकवर रोवलेल्या काठ्यांचं एकच गेट दिसतं आणि स्कीअर तिथून झप्पकन जातो. थोडं वर, उताराकडे तोंड करून, जिथून स्क्रीनही दिसेल अशी जागा बघा. मध्ये झेंडेवाला उंच माणूस नाही ना हेही बघा.

## ९. शर्यत चालू असताना

मुख्य दावेदार बहुतेक पहिल्या वीस नंबरात उतरतात, म्हणजे खरी लढत पहिल्या तासाभरात होते. म्हणून बरोबर साडेबाराला खायला रांगेत उभं राहू नका. एका स्कीअरनंतर दुसरा सुटायला दोन मिनिटांच्या आसपास जातात, त्यात स्क्रीनवर मधले वेळ बघा: हिरवा आकडा म्हणजे पुढे, लाल म्हणजे मागे. एवढं कळलं तरी अर्धी शर्यत कळली.

पहिले दोन-तीन स्कीअर नुसते बघा, फोन खिशात. हुंडशोप्फला तर कोण कुठल्या रेषेत खडकाकडे येतो, उडी किती लांब जाते, खाली टेकल्यावर पुढच्या वळणाला उशीर होतो का, हे डोळ्याला सवय झाल्यावर दिसायला लागतं. मग व्हिडिओ काढा. ड्रोन अजिबात नाही.

कोणी पडलं तर शर्यत थांबते, कधी बराच वेळ. पडलेला माणूस उचलला जाईपर्यंत हजारो लोक गप्प होतात, आपणही व्हायचं, आणि त्याचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायची घाई करू नये. या वेळात हातपाय हलवा, लाडू खा.

तिसावा नंबर झाल्यावर बरेच लोक निघतात. थांबलात तर छान, चाळीस-पन्नास नंबरचा एखादा पोरगा अचानक वरती येतो तेव्हा डोंगर दणाणतो.

## १०. परत येणं

शर्यत संपली की सगळे एकदम स्टेशनकडे सुटतात. वेंगेन स्टेशनच्या बाहेर थंडीत तासभर रांग लावण्यापेक्षा दोनच पर्याय धरा. एकतर तिसाव्या नंबरनंतर लगेच निघा, किंवा आरामात गावात थांबा, बक्षीस समारंभ बघा, गरम काहीतरी खा आणि अंधार पडल्यावर जा. मधल्या वेळेत जाऊ नका. मुलं असतील तर पहिला पर्याय, रांगेत झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन बर्फावर चालणं धोक्याचं आहे.

ग्रिंडेलवाल्डला राहणाऱ्यांनी वरून परतीची गोंडोला आणि ट्रेन शेवटची किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवावं. संध्याकाळी त्या लवकर बंद होतात आणि मग खाली वेंगेन, लाउटरब्रुनेन, त्स्वायल्यूचिनेन असा मोठा वळसा पडतो.

## ११. हवा बिघडली तर

हे शेवटी लिहितोय पण प्लॅनमध्ये याची जागा आधीपासून हवी. धुकं, वारा, ताजा बर्फ, यातलं काहीही आलं तर स्टार्ट खाली आणतात आणि ट्रॅक छोटा होतो, किंवा वेळ पुढे जाते, किंवा शर्यत रद्द होते. २०१७ ला बर्फामुळे डाउनहिल झालीच नाही. २०२१ ला कोविडमुळे वेंगेनच्या सगळ्या शर्यती रद्द झाल्या. स्टार्ट खूप खाली आणला तर हुंडशोप्फचा भागच वगळला जाऊ शकतो, म्हणजे वर उभे असणाऱ्यांना काहीच दिसणार नाही. म्हणून वर जाणाऱ्यांनी निघण्याआधी शर्यतीच्या अधिकृत पेजवर स्टार्ट कुठून आहे ते बघायचं, आणि स्विस हवामान खात्याचं, म्हणजे मेटिओस्विसचं ॲप आणि क्लायने शायडेगचा वेबकॅम उघडायचा. खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत ढग भरलेले असले तरी वर लख्ख ऊन असू शकतं, आणि उलटही, त्यामुळे खिडकीतून बघून निर्णय घेऊ नका.

परतीची फ्लाइट सोमवारी किंवा मंगळवारी ठेवा. शनिवारची शर्यत रविवारवर गेली तर ज्यांची रविवार सकाळची फ्लाइट आहे ते एअरपोर्टच्या टीव्हीवर बघतात. आणि दोन्ही दिवस गेलेच, तर सोमवारी सकाळी शायडेगला जा. शर्यतीनंतर जाळ्या काढायचं काम चालू असतं, ट्रेनमध्ये बसायला जागा मिळते, आणि वेंगर्नआल्पच्या खाली रुळांखालून जाणारा तो अरुंद बोगदा खिडकीतून बघता येतो ज्यातून हे लोक पूर्ण वेगात पार होतात. उजवीकडच्या की डावीकडच्या खिडकीत बसायचं हे गार्डला विचारा, ते हौसेने सांगतात.